बाईनं जागा सोडली नव्हती

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट सांगितली जाते. माय बंगलोरला दवाखान्यात होती, बहीणभाऊ तिला भेटायला निघाले, विमानतळावर कळलं की एकच जागा शिल्लक आहे, तेव्हा बहिणीनं मन मोठं केलं आणि भावाला म्हणाली, तू जा. भाऊ पोचला, तेव्हा मायला शुद्ध नव्हती. बहीण दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर माय गेली होती.

ही गोष्ट मी पसरवली. तेरवीच्या दिवशी मांडवात बसून, येईल त्या पाहुण्याला मीच सांगितली. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे.

मी भंडाऱ्यात एका शाळेत लिपिक आहे. बोलणं कमी, लिहिणं जास्त, असा माझा जन्म गेला. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज माझ्या अक्षरात होते. "कागदाचं काम आहे ना, मग भाऊकडे जाय," असं लोक म्हणत. मला ते आवडायचं. कागदावर नेमकं काय लिहिलं आहे हे समोरच्याला सगळं समजावत बसायचं नाही, बोट ठेवून सांगायचं, इथं सही कर. लोक करायचे. मी वाईट केलं नाही कोणाचं, पण ती सवय हातात बसली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. साकोलीजवळच्या गावात दिलेली, आता विधवा, मुलगी एकच. सातवीपर्यंत शिकली आणि मग तिची शाळा सुटली, कारण माय धानाच्या रोवण्याला जायची आणि घरी मला कोणीतरी पाहायला पाहिजे होतं. एसटीत एक जागा मिळाली तर मी बसायचो आणि बाई उभी राहायची. घरात मासोळी कमी पडली तर बाईला आवडतच नाही असं ठरलेलं होतं. तिला खूप आवडते मासोळी. हे मला पन्नाशीत कळलं.

तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. माय माझ्या धाकट्या भावाकडे बंगलोरला गेली होती, तिथं तिच्या छातीत पाणी झालं. भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो.

"दादा, मायचं काही खरं नाही. बाईचं नाव घेऊन राहिली सारखी. बाईले पाठव."

"मी येतो ना."

"तुले सुट्टी नसन तं राहू दे, पण बाईले पाठव. दोन तिकिटं काढतो. तिले सोबत होईन तुझी."

हे वाक्य मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बोलावणं बाईला होतं. मी सोबत म्हणून होतो.

बाई सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला उतरली. एका हातात कपड्यांची थैली, दुसऱ्या हातात चिन्नोर तांदळाची लहान पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेलं. मायला चिन्नोरची पेज आवडायची. "तिथं कोणता तांदूळ भेटतो कोणास ठाऊक," म्हणाली. नागपूरपर्यंत गाडीत ती पिशवी तिच्या मांडीवर होती. आम्ही दोघंही पहिल्यांदा विमानात बसणार होतो. ती एकदाच म्हणाली, "भाऊ, कानात बोळे घाला लागते म्हणते." मी म्हणालो, "काही लागत नाही." मलाही माहीत नव्हतं.

आम्ही वेळेत पोचलो. हे सांगणं गरजेचं आहे, कारण नंतर मी एकदोघांना गाडी उशिरा पोचली असंही सांगितलं आहे. उशीर झाला नव्हता. फक्त घरूनच मोबाईलवर चेक-इन करून ठेवायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि रांगेत आमच्या मागे कोणी नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीनं आमची आधार कार्डं पाहिली, बराच वेळ टाइप केलं, मग बाजूच्या मुलाशी कुजबुजली.

"सर, फ्लाइट ओवरबुक हो गई है। एक ही सीट दे पाऊँगी।"

"मतलब?"

"मतलब सीट से ज़्यादा टिकट बिक गए हैं। आप में से एक आज जा सकते हैं, एक कल दोपहर की फ्लाइट से। कल वाली पक्की है।" मग तिनं आवाज थोडा खाली आणला. "कौन रुकेगा, सर?"

बाई माझ्यापासून चार पावलं मागे उभी होती, पिशवी छातीशी धरून. तिला ऐकू गेलं नव्हतं. मी वळून तिला विचारू शकत होतो. मी म्हणू शकत होतो की आमची आई शेवटच्या दुखण्यात आहे, हे ऐकून त्या मुलीनं काही हालचाल केलीही असती. मी म्हणू शकत होतो, मी थांबतो. यातलं काहीच मी केलं नाही.

"ये कल आएँगी," मी म्हणालो.

किती वेळ लागला असेल? एक श्वास. विचार केला आणि चुकीचं ठरवलं, असं झालंच नाही. विचार केलाच नाही. एक जागा आहे, म्हणजे बाई उभी राहील.

"मैडम अपनी मर्ज़ी से सीट दे रही हैं ना?"

"हाँ हाँ."

तिनं एक फॉर्म सरकवला. इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येतं, साहेबांची पत्रं मीच टाइप करतो. त्यात लिहिलं होतं की मी माझी जागा स्वेच्छेनं सोडत आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार राहणार नाही. मी वाचलं. वाचलं नाही असं म्हणायची सोय नाही मला. बाईचं नाव मी माझ्या अक्षरात भरलं, गाडीचा नंबर लिहावा तसा विमानाचा नंबर लिहिला, आणि कागद घेऊन तिच्याकडे गेलो.

"बाई, इथं सही कर."

"काय होय?"

"उद्याच्या तिकिटाचं होय. आज एकच जागा आहे म्हणते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पिशवी काखेत धरली आणि काउंटरच्या कडेवर कागद ठेवून, मराठीत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. शेवटची वेलांटी नीट काढली. सही झाल्यावर म्हणाली, "मग तू जाय भाऊ, मी येतो उद्या. मायले सांगजो."

क्रम लक्षात ठेवा. लोकांना मी सांगितलं की बाईच म्हणाली तू जा. म्हणाली, खरं आहे. पण सही झाल्यावर म्हणाली. त्याआधी तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

तिला कागद पुढे करताना मला काहीतरी ओळखीचं वाटलं होतं. तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं.

गाव पाण्यात जायच्या आधी, पुनर्वसनाचे कागद व्हायचे होते तेव्हा, वडील गेलेले होते. घर, वावर, सगळ्यावर मायचं आणि आम्हा तिघांचं नाव लागणार होतं. माय म्हणाली होती, बाईची सही घेऊन टाक. आमच्याकडे बहिणी हक्कसोड लिहून देतात. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते, माहेर शाबूत राहते. न करणारी बहीण वाईट ठरते, आणि तिला पुन्हा सणाला कोणी आणायला जात नाही. तो कागद मीच लिहिला होता. राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, हे शब्द मला पाठ होते. बाई पवनीच्या ऑफिसात आली, नवी साडी नेसून. "काय लिहिलं भाऊ?" तिनं विचारलं होतं. "तेच, नेहमीचं," मी म्हणालो होतो. तिनं सही केली. मग आम्ही बाहेरच्या टपरीवर आलुबोंडे खाल्ले आणि ती एसटीनं सासरी गेली. तेव्हाही पूर्ण नाव. तेव्हाही शेवटची वेलांटी नीट.

मी विमानाकडे निघालो. बाईला घ्यायला तिची मुलगी येणार होती, ती नागपुरातच खोली करून शिकत होती. आत जाताना मी वळून पाहिलं. बाईनं हात हलवला.

विमान सुटायच्या आधी भाचीचा फोन आला. ती विमानतळावर पोचली होती.

"मामाजी, त्यांनी आधी बाकीच्या लोकांना विचारलं का, कोणी स्वतःहून थांबते का म्हणून?"

"काय माहीत बाप्पा."

"नाही, विचारावंच लागते. नियम आहे. मी आताच मोबाईलवर पाहिला. आधी सगळ्यांना विचाराचं, जो राजी असन त्याला थांबवाचं. कोणाला जबरदस्तीनं थांबवलं तर तासाभरात दुसरं विमान द्याचं, नाहीतर भरपाई. तुम्ही हो म्हणू नका फक्त. आई तर म्हणते तिनं कशावर तरी सही केली. कशावर केली?"

"फोन बंद कराले सांगून राहिले," मी म्हणालो आणि फोन बंद केला. कोणीही सांगत नव्हतं.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक तरुण पोरगा होता. चार मित्र मिळून फिरायला चालले होते, सारखी टोप्यांची अदलाबदल करत होते. माझा चेहरा पाहून त्यानं विचारलं, अंकल, तबीयत ठीक आहे का. मी त्याला सांगितलं, बहिणीला जागा मिळाली नाही. म्हणजे मी तेव्हापासूनच तसं सांगायला लागलो होतो.

"अरे यार," तो म्हणाला, "मेरे को बोलते तो मैं रुक जाता. होटल फ्री, खाना फ्री. क्यों बे?" मागच्या खुर्चीवरचा मित्र म्हणाला, "तू तो रुकता ही, साले, तेरे को तो वैसे भी आना नहीं था." ते हसले. मी पट्टा घट्ट केला. कानात बोळे घालायला पाहिजे होते, फार दुखले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत होते. धाकटा भाऊ दोन दिवसांचा जागा होता. मला पाहून तो अंघोळीला घरी गेला. खोलीत मी आणि माय. तिच्या नाकाला नळी होती. भाऊ होता तोवर डोळे मिटलेले होते, तो गेल्यावर तिनं उघडले. तिनं मला ओळखलं आणि माझ्या मागे दरवाजाकडे पाहिलं.

"बाई?"

"येऊन राहिली."

"मागं आहे?"

"हाव. मागंच आहे."

ती दरवाजाकडे पाहत राहिली. एक नर्स आली, मायला वाटलं बाईच आली. मग दुसरी एक नर्स औषधाचा ट्रे घेऊन आली. दर वेळी मायची मान उशीवरून थोडी वर यायची. तासाभरानं म्हणाली, "किती वेळ लागते रे तिले."

मी सांगितलं, उद्या येते. तेव्हा तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती बोलायला लागली, थांबत थांबत, मला नाही, वर पंख्याला सांगत असल्यासारखी.

"तिले सही कराले मीनंच लावलं. तुह्या बापाची ती पहिली लेक. तिले विचाराचं होतं. नाही म्हणाली असती तं नाही. पण विचाराचं होतं."

"जाऊ दे ना माय आता."

"तू कायले जाऊ दे म्हणतं? तुहं काय गेलं?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"येऊ दे तिले. मी सांगतो," म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "नाही आली तं तू सांगजो. माय चुकली म्हणा."

"सांगतो."

आठच्या सुमाराला भाऊ आला तेव्हा ती झोपली होती. सकाळी नऊ वाजता गेली. बाईचं विमान दुपारचं होतं. तिला फोनवर सांगायचं नाही असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं. तेही तिला न विचारताच.

बाई एकटी आली. जिला एकटं पाठवता येत नाही असं मी स्वतःला विमानभर समजावलं होतं, ती एकटी विमानात बसली, एकटी उतरली, सामानाच्या पट्ट्यावरून थैली उचलली, कोणाला तरी दरवाजा विचारला आणि बाहेर आली. चिन्नोरची पिशवी छातीशी. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं. तिनं विचारलं ते एवढंच:

"बोलली काही माय?"

आणि मी म्हणालो, "नाही. मी पोचलो तेव्हा शुद्धच नव्हती. तू आली असती तरी काही फरक नव्हता."

हे मी का म्हणालो, ते तीन वर्षं मला ठाऊक आहे. माय शुद्धीवर होती म्हटलं असतं, तर ती एक जागा कोणाची होती हा प्रश्न आला असता. शुद्धच नव्हती म्हटल्यावर प्रश्न मिटला. वरून दिसायला ते बाईचं सांत्वन होतं. लोकांनीही तसंच घेतलं. धाकट्या भावानं काही म्हटलं नाही. तो घरी होता, त्याच्यामागे काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. तेरवीला मी वर आणखी जोडलं, बाईनं मन मोठं केलं, जागा सोडली. म्हाताऱ्या बायांनी बाईच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. ती मान खाली घालून जेवायला वाढत होती.

भाचीनं मात्र सोडलं नाही. तिनं विमान कंपनीला तक्रार लिहिली, नियमाचा हवाला देऊन. बाईचा ईमेल नव्हता म्हणून माझा दिला. महिन्याभरात उत्तर आलं, माझ्याकडे. सभ्य भाषेत होतं. प्रवाशानं जागा स्वेच्छेनं सोडली आहे, सोबत सहीचा फॉर्म जोडला आहे. फॉर्मचा फोटो उघडला. वर माझं अक्षर, खाली बाईची सही.

मी तो पुसला नाही. दाखवलाही नाही. भाचीनं विचारलं तेव्हा म्हणालो, "काहीच उत्तर नाही व पोरी. या कंपन्या आपल्यासारख्यायले उत्तर देत असतात का?" ती म्हणाली, ग्राहक मंचात जाऊ. मी म्हणालो, पाहू. मग शाळेचं ऑडिट होतं, मग परीक्षा होत्या, मग निवडणुकीचं काम लागलं. खरंच लागलं होतं, पण लागलं नसतं तरी काहीतरी लागलंच असतं. दर वेळी ती फोन करायची आणि मी पाहू म्हणायचो. हळूहळू तिचे फोन बंद झाले. तिला नोकरी लागली. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

गेल्या हिवाळ्यात साकोलीला नात्यात एक साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. जेवणाच्या पंगतीत एक मावशी नव्या सुनेला तीच गोष्ट सांगत होती. "अशी नणंद भेटली पाहिजे व. भावासाठी विमानातली जागा सोडली तिनं." बाई वरणाची बादली घेऊन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मी नव्हती सोडली."

सगळ्या हसल्या. "पाह्य, अजूनही कबूल करत नाही," मावशी म्हणाली, "असे असतात मोठ्या मनाचे." बाईही थोडी हसली आणि पुढे वाढायला गेली. मी तिच्या वाटेत, पंगतीत तिसऱ्या पानावर बसलो होतो. तिनं माझ्या पानात वरण वाढलं, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे तिला त्या दिवसापासून माहीत होतं. कागदात काय होतं ते माहीत नसेल, पण आपण सोडली नव्हती हे माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ. अंगणात सुपात लाखोळीच्या भाजीचे कोवळे शेंडे घेऊन ती निवडत बसली होती. भाची सुट्टीत आलेली होती. मी कंपनीचं उत्तर छापून नेलं होतं, फॉर्मसकट. सुपाच्या बाजूला ठेवलं.

भाचीनं वाचलं. तारीख पाहिली. माझ्याकडे पाहिलं.

"मामाजी, हे तेव्हाच आलं होतं."

"हाव."

"मंचात जायला दोन वर्षांची मुदत असते. गेली आता."

"हाव."

बाई म्हणाली, "इंग्रजीत आहे का? वाचून सांग. मराठीत सांग." भाचीनं सांगितलं. मी माझी जागा स्वेच्छेनं सोडत आहे. माझी काही तक्रार राहणार नाही. बाई म्हणाली, पुन्हा एकदा. भाचीनं पुन्हा सांगितलं.

"हे मी म्हटलं नव्हतं," बाई म्हणाली. "भाऊ, मी म्हटलं होतं का हे?"

"नाही."

"तुले काउंटरवाली म्हणाली का, बाईलेच ठेव म्हणून?"

"नाही. तिनं विचारलं कोण थांबते. मीच म्हटलं तू."

ती शेंडे निवडत राहिली. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी म्हणालो, "बाई, माय शुद्धीवर होती."

तिचा हात थांबला.

मी सगळं सांगितलं. दरवाजाकडे पाहायची ते. नर्स आली की मान वर करायची ते. सहीचं बोलली ते, जसं बोलली तसं, तिच्याच शब्दांत. तीन वर्षांत एक शब्द विसरलो नव्हतो. माय चुकली म्हणा, हेही सांगितलं. भाची रडायला लागली. बाईनं तिला म्हटलं, "चूप व."

मग मला म्हणाली, "इतके दिवस हे तुझ्याजवळ होतं?"

"होतं."

"माझं होतं ते."

तिनं सूप बाजूला सरकवलं.

"वावर घेतलं, घर घेतलं, मी काही म्हटलं का तुले? जागा घेतली विमानातली. पण हे माझं होतं रे भाऊ. हे मायनं मले देल्लं होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "राहू दे. तू मले एक सांग. तेरवीले कोणाकोणाले सांगितलं, बाईनं जागा सोडली म्हणून?"

"सगळ्यायले."

"मग त्यायले जाऊन सांग. ज्याले ज्याले सांगितलं, त्याले त्याले. घरी जाऊन सांग, फोनवर नोको."

त्या दिवशी तिनं मला जेवून जा म्हटलं नाही. बहिणीच्या दारातून उपाशी परत आलो, असं जन्मात पहिल्यांदा झालं. साकोलीच्या स्टँडवर चहा घेतला.

तेव्हापासून रविवारी मी एक एक घर करतो. बपेऱ्याच्या मामांपासून सुरुवात केली, तिथले मामा आमच्यात सर्वांत वडील. ते ऐकून म्हणाले, "बरं झालं सांगितलं. पण मोठा पोरगा मायजवळ पाहिजेच असते ना बाप्पा." मी म्हणालो, "मायनं मले नव्हतं बोलावलं, मामाजी." एका ठिकाणी मला बसायला सांगितलं नाही. एका ठिकाणी लोकांना वाटलं, माझं काहीतरी बिनसलं आहे, डॉक्टरला दाखवा. साक्षगंधातली ती मावशी म्हणाली, "मग तिनं वाढता वाढता म्हटलं ते खरंच म्हटलं होतं?" आणि तोंडाला पदर लावून बसून राहिली.

काही माणसं आता राहिली नाहीत. काही दूर गेली. त्यांच्यासाठी म्हणून हे लिहिलं. आणि शाळेत माझ्या टेबलावर कोणी सहीचा कागद घेऊन आलं, की आता मी तो आधी मोठ्यानं वाचून दाखवतो. लोकांना घाई असते. "वाचता काय भाऊ, कुठं करू सांगा," म्हणतात. मी वाचतो.

हे छापायला देण्याआधी मी साकोलीला गेलो आणि बाईला वाचून दाखवलं. आधी तिनं मला वाचू दिलं, मग म्हणाली आण इकडे, चष्मा लावला, आणि स्वतः वाचलं. बोट ठेवून, ओळीओळीनं. एका जागी बोट थांबलं. आत जाताना मी वळून पाहिलं, बाईनं हात हलवला, तिथं.

"हे खोटं आहे."

"बाई, तू हात हलवला होता ना."

"मी हलवला होता. तुले कसं माहीत? तू नव्हतं पाहिलं वळून."

मी आठवून पाहिलं. काचेचा दरवाजा आठवतो, माझ्या पुढच्या माणसाची निळी बॅग आठवते. बाई आठवत नाही. तिनं हात हलवला हे मला आता तिच्याकडूनच कळलं. बाकी सगळं कबूल करतानाही तेवढं एक मी स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं, आणि ते ठेवलं आहे हेही मला कळलं नव्हतं.

"खोडू का?"

"खोडू नोको," बाई म्हणाली. "राहू दे तिथं. खाली लिही, पाहिलं नव्हतं म्हणून."

मी वळून पाहिलं नव्हतं.